संयुक्त अरब अमिरातींमधील ज्यू धर्मजीवन

संयुक्त अरब अमिरातींमधील ज्यू धर्मजीवन : दुबई आणि अबू धाबी येथे मुख्यतः राहणाऱ्या, जवळजवळ सर्वस्वी परदेशी नागरिकांच्या बनलेल्या लहानशा ज्यू समाजाचा धर्माचार व त्याची सार्वजनिक स्थिती. विसाव्या शतकात बगदाद, एडन, दमास्कस येथील जुन्या ज्यू वस्त्या ओस पडल्या. एकविसाव्या शतकात अरबी द्वीपकल्पावर एक नवी वस्ती उभी राहिली, एवढ्यावरूनही या समाजाची कोशात नोंद घ्यावी लागते. या समाजाची अधिकृत शिरगणती नाही. अंदाज काहीशेपासून काही हजारांपर्यंत जातात आणि ते करणारा कोण आहे यावर बरेच अवलंबून असतात.

पूर्वपीठिका : आखातात ज्यूंचा वावर जुना आहे. बाराव्या शतकातला प्रवासी तुदेलाचा बेंजामिन याने आखाती बंदरांतल्या ज्यू व्यापाऱ्यांची नोंद केली. मात्र आजच्या समाजाचा त्या वावराशी वंशाचा धागा जोडता येत नाही. बगदादचा डेव्हिड ससून तेथील सुभेदार दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून बुशहरमार्गे १८३२ साली मुंबईला आला. त्या काळी बगदादच्या छळापासून सुटण्याची वाट मुंबईकडे येत असे. पुढे जून १९४१ मध्ये बगदादेत ‘फरहूद’ नावाने ओळखली जाणारी कत्तल झाली. डिसेंबर १९४७ मध्ये एडनला दंगल झाली आणि त्याच महिन्यात बहारीनच्या मनामा शहरात सिनेगॉग उद्ध्वस्त करण्यात आले. आजच्या अमिरातींत तेव्हा मोती, मासेमारी आणि खजूर यांवर जगणारी विरळ वस्ती होती. हाकलून द्यावा असा ज्यू समाजच तेथे नव्हता. स्थानिक वैराचा जुना हिशेब नसल्याने पुढची वाट सोपी झाली, पण ज्याच्या आधाराने उभे राहावे असा जुना मोहल्ला, जुनी दफनभूमी, जुना पंच यांतले काहीही हाती नव्हते.

वेगळेपणाची कल्पना : तोरेतील लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना पवित्र राहण्याची आज्ञा आहे. ज्यू परंपरेत या पावित्र्याचा अर्थ संन्यास असा होत नाही. काय खावे, कोणत्या दिवशी काम थांबवावे, मुलाची सुंता केव्हा करावी, मापात खोट कशी करू नये, शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी का सोडावे, अशा रोजच्या नियमांतून ते पाळायचे असते. म्हणून देऊळ नसले, राज्य नसले, तरी हे वेगळेपण टिकते. ते स्वयंपाकघरातून आणि पंचांगातून चालते. छळाच्या काळी किती सोडावे आणि किती धरून ठेवावे याचाही हिशेब धर्मशास्त्राने घालून दिला आहे. मूर्तिपूजा, निषिद्ध संबंध व खून या तीन गोष्टींपेक्षा मरण पत्करावे, बाकी बाबतींत जीव वाचवावा, असा सामान्य नियम. पण धर्म मोडण्यासाठीच हुकूम निघाला असेल, तर साधी रीतही चारचौघांत सोडू नये.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएलांचे आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्यांचे हे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. शेकडो वर्षे त्यांच्यापाशी हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हता. तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद, खवल्यांवाचून मासा वर्ज्य, आठव्या दिवशी सुंता आणि ओठांवर ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले आणि कोणी त्रास दिला नाही. छळाशिवायही वेगळेपण टिकते हे कोकणाने दाखवले. ज्यू इतिहासात असा दाखला क्वचित सापडतो, आणि युरोपकेंद्री लेखनात तो हमखास सुटतो.

बंद दारांचा काळ : दुबईत ज्यू व्यावसायिक अनेक वर्षे राहत होते, पण एकमेकांना शोधायलाच त्यांना वेळ लागला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही कुटुंबे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणाच्या तरी घरी जमू लागली. पुढे एक बंगला भाड्याने घेतला गेला. त्यात प्रार्थनेची खोली, जेवणाची सोय आणि पाहुण्यांसाठी खोल्या होत्या. दारावर पाटी नव्हती आणि पत्ता ओळखीतूनच मिळे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा ‘मिन्यान’ लागतो. प्रवासी पाहुणा आला तरच तो भरेल, असेही आठवडे जात. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी हरकत घेतली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेने या बंगल्याची बातमी छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला तो कळला.

२०१९ हे वर्ष अमिरातींनी ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून पाळले. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले, अल-अझहरचे प्रमुख अहमद अल-तय्यब यांच्यासह त्यांनी मानवी बंधुत्वाच्या निवेदनावर सही केली आणि मशीद, चर्च व सिनेगॉग एकाच आवारात बांधण्याची घोषणा झाली. दक्षिण आफ्रिकेहून आलेले वकील रॉस क्रील समाजाचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कचे रब्बी येहुदा सारना यांना मुख्य रब्बी नेमण्यात आले. खबाद या हसिदी पंथाचे तरुण रब्बी लेव्ही डुखमन त्याआधीच येऊन आपले स्वतंत्र काम करीत होते.

अब्राहम करार आणि नंतर : १३ ऑगस्ट २०२० रोजी इस्राएल–अमिराती समझोत्याची घोषणा झाली, २९ ऑगस्टला १९७२ चा इस्राएल-बहिष्काराचा कायदा रद्द झाला आणि १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. त्यानंतर सगळे भराभर घडले. अबू धाबीच्या पर्यटन विभागाने हॉटेलांना कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून केलेले, जेवण ठेवण्याची सूचना दिली. बुर्ज खलिफातील अरमानी हॉटेलात कोशर भोजनगृह निघाले, आणि डिसेंबरात त्याच इमारतीच्या पायथ्याशी हनुक्का या सणाचे दिवे लागले. येमेनमधील एका ज्यू कुटुंबाची वर्षानुवर्षांची ताटातूट तर सह्यांच्या आधीच, ऑगस्टात, अबू धाबीला संपली होती. बैरुतमध्ये जन्मलेले रब्बी एली अबादी वरिष्ठ रब्बी म्हणून आले. त्यांचे आईवडील अलेप्पोतून १९४७ च्या दंगलीनंतर परागंदा झाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आखातातील सहा देशांच्या ज्यू समाजांची संघटना स्थापन झाली आणि विवाह, वारसा यांसारख्या प्रश्नांसाठी तिने धार्मिक न्यायमंडळ नेमले. त्याच वर्षी मे महिन्यात दुबईतील अहमद ओबैद अल मन्सूरी यांच्या खासगी संग्रहालयात नाझी नरसंहारावर प्रदर्शन भरले.

या उत्साहात एक गोष्ट झाकली गेली. धर्म पाळणारा ज्यू आणि इस्राएल हे राज्य, या दोहोंना करारामुळे एकाच नजरेने पाहिले जाऊ लागले. बंगल्यात गुपचूप शब्बाथ पाळणाऱ्यांना हे जोखड नव्हते. दिवे चौकात लागले तेव्हा ते गळ्यात आले.

रोजचे पालन : कोशर मांस सुरुवातीला परदेशातून आणावे लागे. हलाल व कोशर यांत डुक्कर वर्ज्य, रक्त वर्ज्य अशी साम्ये आहेत, पण कापणारा, सुरी, जनावराच्या फुप्फुसांची तपासणी यांचे ज्यू नियम वेगळे. शिवाय मांस आणि दूध एकत्र करता येत नाही. एली क्रील यांनी दुबईत घरच्या स्वयंपाकघरातून कोशर डबे पुरवायला सुरुवात केली. अमिराती पदार्थ कोशर पद्धतीने रांधण्याच्या आपल्या प्रयोगाला त्यांनी ‘कोशराती’ असे नाव दिले. पुढे डुखमन यांच्या पुढाकाराने कोशर प्रमाणपत्र देणारी स्थानिक यंत्रणाही आली. शनिवारची अडचण मात्र कॅलेंडरानेच सोडवली : देशाची साप्ताहिक सुट्टी २०२१ अखेरपर्यंत शुक्रवार-शनिवार होती, जानेवारी २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारीच सुटू लागल्या. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शब्बाथला लंडन-न्यूयॉर्कपेक्षा ही सोय बरी. प्रार्थनेत देशाच्या राज्यकर्त्यांसाठी आशीर्वाद मागण्याची प्रथा यिर्मयाच्या काळापासूनची आहे. भारतातल्या सिनेगॉगमध्ये ती पाळतात, तशी येथेही अमिरातींच्या शासकांसाठी प्रार्थना होते.

मोझेस बेन मायमोन सिनेगॉग : अबू धाबीच्या सादियात बेटावरील अब्राहमी कुटुंबगृह या संकुलाचे उद्घाटन १६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले आणि १ मार्चपासून ते लोकांना खुले झाले. वास्तुरचनाकार डेव्हिड अजाये. तिन्ही घनाकार इमारती सारख्याच उंचीच्या असून मशीद मक्केकडे, चर्च पूर्वेकडे आणि सिनेगॉग यरुशलेमकडे वळलेले आहे. देशात सिनेगॉग म्हणूनच बांधलेली ही पहिली वास्तू. तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या खांबांनी सुक्कोथ सणातील झावळ्यांच्या मांडवाची आठवण करून दिली आहे.

वास्तूपेक्षा नाव अधिक बोलके. मोझेस बेन मायमोन (११३८–१२०४) कोर्दोव्हात जन्मला. ११४८ मध्ये अलमोहादांनी शहर घेतले आणि ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. त्याचे कुटुंब भटकत फेझला आणि शेवटी कैरोजवळच्या फुस्तातला पोहोचले. तेथे तो सलादीनच्या दरबारी वर्तुळात वैद्य झाला आणि ज्यूंचा पुढारीही. बळजबरीने इस्लामचा कलमा उच्चारणाऱ्यांना धर्मभ्रष्ट म्हणणाऱ्या एका पंडिताला त्याने पत्रातून फटकारले. असा माणूस गुपचूप जी आज्ञा पाळतो तिचे फळ त्याला मिळते, जीव देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. मात्र संधी मिळताच त्याने तो मुलूख सोडावा, असे त्याचे म्हणणे. ११७२ च्या सुमारास छळात सापडलेल्या येमेनी ज्यूंना त्याने धीराचे दुसरे पत्र पाठवले. अरबीत लिहिणारा, मुस्लिम दरबारात मान मिळवलेला आणि मुस्लिम राजवटीच्याच छळातून पळालेला हा माणूस आहे. यजमानांना बहुधा पहिल्या दोन गोष्टी आवडल्या असाव्यात. तिसरीही त्याच नावात येते.

हिंसेची छाया : ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध पेटले. अमिरातींनी करार मोडला नाही, पण ज्यू समाज पुन्हा मिटला. दुबईतली प्रार्थना बरीचशी घरांत परतली. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी खबादचे अठ्ठावीस वर्षांचे रब्बी त्स्वी कोगन दुबईतून बेपत्ता झाले. तीन दिवसांनी त्यांचा खून झाल्याचे जाहीर झाले. मोल्दोवा व इस्राएल यांचे नागरिक असलेले कोगन अल वस्ल रस्त्यावरील कोशर किराणा दुकान पाहत असत. त्या दुकानाविरुद्ध समाजमाध्यमांवर मोहीम चालली होती. खुनानंतर तेथे गेलेल्या पत्रकाराला दोन्ही दारांवरच्या मेझुझा उपटून काढल्यासारख्या दिसल्या. दाराच्या चौकटीवर शास्त्रवचनांची गुंडाळी लावणे ही ज्यू घराची सर्वांत साधी खूण आहे. उझबेकिस्तानचे तीन नागरिक पकडले गेले. इराणवर संशय घेतला गेला, पण त्याने आपला संबंध नाकारला. ३१ मार्च २०२५ रोजी अबू धाबीच्या राज्यसुरक्षा न्यायपीठाने तिघांना मृत्युदंड व चौथ्या एका आरोपीला जन्मठेप सुनावली.

कोगन यांची पत्नी मुंबईच्या नरिमन हाउसचे रब्बी गॅव्ह्रिएल होल्त्झबर्ग यांची भाची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात होल्त्झबर्ग व त्यांची पत्नी कुलाब्यातल्या त्याच घरात मारले गेले आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा सांभाळणाऱ्या बाईंमुळे वाचला. दोन्ही ठिकाणी लक्ष्य एकच होते : वाटसरू ज्यूला शब्बाथचे जेवण देणारे उघडे दार. खबादने ना मुंबईचे काम बंद केले, ना अमिरातींचे.

कायदा व दर्जा : राज्यघटनेने इस्लामला राज्यधर्म ठरवले असून प्रस्थापित रूढींना व सार्वजनिक सुव्यवस्थेला धरून उपासनेची मुभा दिली आहे. धर्मद्वेषाविरुद्धचा कायदा २०१५ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मुस्लिमेतरांच्या प्रार्थनास्थळांच्या परवान्यांसाठीही २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करण्यास बंदी आहे. ही मोकळीक खरी आहे, पण ती हक्कापेक्षा शासकांच्या मर्जीवर उभी आहे. राजकीय पक्ष, स्वतंत्र वृत्तपत्रे किंवा निवडणुकीने येणारे सरकार तिच्या पाठीशी नाही. ज्यू रहिवाशांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाही. नोकरी किंवा धंद्याशी बांधलेल्या व्हिसावर ते राहतात, आणि तो संपला की पुण्याच्या अभियंत्याप्रमाणे किंवा केरळच्या सुताराप्रमाणे त्यांनाही देश सोडावा लागतो.