रूझवेल्टला न मिळालेली गोळी

आजची गोष्ट लातूरच्या माझ्या मामांपासून. बीपीची गोळी चार महिने घेतली, आकडा 130/80 वर आला. मामा म्हणाले, "आता काय होतच नाही, मग गोळी कशाला?" सोडली. पोळ्याच्या सकाळी उजवा हात उचलेना. लकवा. मी नांदेडहून एसटीने पोचलो, तेव्हा बोलणंही अडखळत होतं.

मामांकडं निदान गोळी होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी बीपी 300/190 नोंदवलं गेलं. डॉक्टर होते, मोजायचं यंत्र होतं. नीट काम करणारं औषधच नव्हतं.

त्या औषधाचा एक धागा मुंबईत सापडतो. वैद्य सर्पगंधेची मुळी आधीपासून वापरत होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती 50 रुग्णांना देऊन, बीपी मोजून, 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. मग जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्याच मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. त्यानं काहींना फार उदास वाटायचं, म्हणून पुढं ते मागं पडलं. (घरी मुळी उकळून पिऊ नका, प्लीज.) आज अनेकांच्या चिठ्ठीवर अ‍ॅम्लोडिपिन असतं.

पण गोळी बीपी फक्त धरून ठेवते. थांबवली की आकडा बहुतेक वेळा परत चढतो, आणि दुखत काहीच नाही. मामांना हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आता ते डाव्या हातानं गोळी घेतात.