हद्दीबाहेरचे शोधक

न्यूयॉर्कमधल्या एका सिगारच्या दुकानामुळे शहरभर ओळखीची झालेली मेरी रॉजर्स १८४१ च्या जुलैमध्ये घरातून बाहेर पडली आणि तीन दिवसांनी तिचं प्रेत हडसन नदीत मिळालं. खुनी सापडला नाही. फिलाडेल्फियात राहणाऱ्या एडगर ॲलन पोने पेपरांतल्या बातम्या गोळा केल्या, न्यूयॉर्कचं पॅरिस केलं, हडसनची सीन केली आणि आपल्या कथांतल्या द्युपॅं या शोधकाला खुर्चीतून न उठता हे कोडं सोडवायला बसवलं. १८४२ च्या अखेरीस कथा मासिकात हप्त्याहप्त्याने येऊ लागली आणि नेमकी तेव्हाच बातमी फुटली, की मेरीचा मृत्यू गर्भपातात झाला असावा. पोची पंचाईत झाली. १८४५ मध्ये पुस्तक काढताना त्याने इथे एक शब्द, तिथे एक वाक्य असं करत मजकूर इतका मऊ केला, की काहीही खरं निघालं तरी आपलंच म्हणणं बरोबर ठरावं.

हौशी शोधकांचा मूळपुरुष म्हणून पोकडे बोट दाखवायची पद्धत आहे. मला ही वंशावळ मान्य नाही. तल्लख माणसाने एकाच खुनावर डोकं चालवून गुन्हेगाराचं नाव सांगावं, हे कथेत शोभतं. प्रत्यक्षात हौशी माणसांच्या हाती जे काही लागलं, ते बहुतेक वेळा दोन वेगळ्या गावांतले, दोन वेगळ्या वर्षांतले कागद शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. काम हुशारीपेक्षा कारकुनीचं. त्याचे पूर्वज शोधायचे तर दुसऱ्या घराण्यात जावं लागतं.

त्या घराण्याचा पहिला ठळक कागद लंडनचा आहे. एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळात व्हाइटचॅपल भागात झालेले अकरा खून पोलिसांच्या एकाच फाइलमध्ये आहेत. त्यातले ‘जॅक द रिपर’चे किती? नोव्हेंबर १८८८ मध्ये डॉ. थॉमस बाँड यांनी पाचव्या बाईची तपासणी केली, आधीच्या चौघींची टिपणं वाचली आणि पाचही खून एकाच हातचे असल्याचं लिहून दिलं. म्हणजे चार प्रेतं त्यांनी कागदावरच पाहिली होती. १८९४ मध्ये मेलव्हिल मॅकनॉटन या अधिकाऱ्याने आपल्या गोपनीय टिपणात पाचच आकडा धरला. हे गृहस्थ स्कॉटलंड यार्डात आले १८८९ मध्ये, त्या पाच खुनांनंतर. तरी पाच हा आकडा असा काही पक्का बसला, की हौशी अभ्यासकांची भांडणं आजही त्याच्याच कडेने चालतात: सहावी धरायची का, तिसरी वगळायची का. खुनी कोण, यापेक्षा यादीत कोण, हा प्रश्न आधी येतो. यादी चुकली तर पुढचं सगळंच चुकतं.

हे कोनन डॉइललाही चुकलं नाही. त्याने हाती घेतलेल्या एका खऱ्या प्रकरणाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. शापूरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावाचे पाद्री झाले. त्यांच्या घरी निनावी पत्रांचा त्रास १८८८ पासून होता. मध्ये काही वर्षं पत्रं थांबली. १९०३ मध्ये गावात रात्रीबेरात्री घोडे आणि गुरं यांची पोटं फाडली जाऊ लागली आणि पत्रंही पुन्हा सुरू झाली. पोलिसांनी पाद्रीबुवांचा वकील मुलगा जॉर्ज याला धरलं. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरं कापली जात होती, पण त्याचा कुणावर परिणाम झाला नाही.

तो १९०६ मध्ये सुटला. डॉइलने भेटीसाठी त्याला हॉटेलात बोलावलं. आत शिरताना डॉइलला दिसलं ते असं, की जॉर्ज पेपर अगदी डोळ्यांजवळ, जरा तिरपा धरून वाचतोय. डॉइल स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. हा माणूस काळोख्या रात्री शेतं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जनावरं कापायला जाईल कसा? जानेवारी १९०७ मध्ये डॉइलने हे सगळं ‘डेली टेलिग्राफ’मध्ये मांडलं, आणि मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. मात्र काही पत्रं त्यानेच लिहिली असं धरून नुकसानभरपाई नाकारली गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय कायद्याने अस्तित्वात आलं. त्यामागे या प्रकरणाचाही रेटा होता.

इथवर डॉइल लखलखीत आहे. मग त्याने दुवे जोडायला घेतले. जुनी पत्रं, नवी पत्रं, मधला खंड आणि जनावरं हे सगळं एका दोरीत ओवायचं त्याने ठरवलं. वॉल्सॉलच्या शाळेतून काढलेला, खाटकाकडे उमेदवारी केलेला आणि पत्रं थांबलेल्या वर्षांत समुद्रावर गेलेला एक तरुण त्याला सापडला. सगळं कसं चपखल! सरकारने ऐकलं नाही, तेव्हा डॉइल चिडला. १९३४ मध्ये डार्लास्टनच्या एका भलत्याच माणसाने कबुली दिली, की १९०३ मधली धमकीची कित्येक पत्रं आपली. म्हणजे ज्या दोरीवर डॉइलचा सगळा भार होता, ती मुळात एक दोरी नव्हतीच. निरपराध माणूस ओळखायला एक बारीक निरीक्षण पुरलं; पण वेगवेगळे गुन्हे एका माणसाच्या नावावर टाकायला तेवढ्याने भागत नाही.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसचा एक पोलीस डिटेक्टिव्ह, पिअर्स ब्रुक्स, ड्युटी संपली की सार्वजनिक वाचनालयात जाऊन परगावचे पेपर चाळत बसे. हातातल्या खुनासारखा खून दुसरीकडे कुठे झालाय का, हे कळायला त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. माझ्या लेखी या घराण्याचा खरा मूळपुरुष हा. नोकरी पोलिसाची, पण हे काम हौशी माणसाचं, स्वतःच्या वेळात केलेलं. मुंबईत उघडकीस न आलेल्या गुन्ह्याची ‘ए समरी’ होते: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. कागद कोर्टात, फाइल कपाटात. अमेरिकेत अशी कपाटं सुमारे १८,००० पोलीस खात्यांची आहेत आणि एका हद्दीतलं दुसऱ्या हद्दीत कळेल याची खात्री नाही. ब्रुक्सच्या पाठपुराव्यातून १९८५ मध्ये एफबीआयने देशभरच्या खुनांची तुलना करणारी यंत्रणा उभारली. तिचा फॉर्म इतका लांबलचक, की भरणं ऐच्छिक म्हटल्यावर बहुतेक खात्यांनी तो भरलाच नाही.

झोडियाक या अमेरिकी खुन्याचं नाव घ्यायलाच हवं. १९६९ मध्ये त्याने पेपरांना पाठवलेली पहिली सांकेतिक चिठ्ठी सलिनासच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या बायकोने काही दिवसांत फोडली. दुसरी फुटायला डिसेंबर २०२० उजाडला. ती अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तीन हौशी माणसांनी फोडली. पोच्या घराण्याचं हे निर्विवाद यश. मात्र दोन्ही चिठ्ठ्यांत नाव निघालं नाही.

आता केंटकीत जाऊ. १७ मे १९६८ रोजी विहिरी खोदणारा विल्बर रिडल जॉर्जटाऊनजवळच्या रस्त्याकडेला तारेच्या खांबांवरच्या काचेच्या जुन्या चिमण्या शोधत होता. तिथे त्याला हिरव्या ताडपत्रीत बांधलेलं तरुणीचं प्रेत मिळालं. ओळख पटली नाही. गावाने तिला ‘टेंट गर्ल’ म्हणून पुरलं आणि पुढे दगडावर तिचं चित्र, उंची, वजन, केसांचा रंग आणि अंदाजे वय कोरलं: १६ ते १९. वीस वर्षांनी रिडलच्या मुलीशी टॉड मॅथ्यूजची ओळख झाली. टेनेसीतला हा पोरगा कारखान्यात कामाला होता. सासऱ्याची ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढची दहा वर्षं त्याने जुने पेपर आणि वाचनालयं धुंडाळली. इंटरनेट आल्यावर रात्र रात्र हरवलेल्यांच्या जाहिराती वाचल्या. १९९८ मध्ये एका बाईची जाहिरात दिसली: बहीण १९६७ च्या अखेरीस लेक्सिंग्टनमधून नाहीशी झाली. थडगं उकरलं, डीएनए जुळला.

ती २४ वर्षांची होती आणि एका मुलीची आई होती. दगडावरच्या ‘१६ ते १९’मुळे तीस वर्षं सगळे शाळकरी मुलींच्या याद्या पाहत होते. मॅथ्यूजने दगडावरच्या आकड्याला वेद मानलं नाही, एवढंच. पुढे १९९९ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘डो नेटवर्क’चे स्वयंसेवक हेच करत आले: एका हाताला हरवलेल्यांची यादी, दुसऱ्या हाताला बेवारस प्रेतांची. कुणाला जोडी जुळलीशी वाटली, तरी ती थेट पोलिसांकडे जात नाही. आधी त्यांच्यातलेच काही जण ती पारखून घेतात. डॉइलला अशी चाळणी कुणी लावली असती तर बरं झालं असतं.

चाळणी नसली की काय होतं, ते २००८ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या निवृत्त डिटेक्टिव्हांनी जाहीर केलं, की बुडून मेलेल्या सुमारे ४० कॉलेजवयीन तरुणांमागे एकच टोळी आहे. पुरावा काय, तर नदीकाठी काही ठिकाणी रंगवलेले हसरे चेहरे. तसे चेहरे अमेरिकेतल्या कोणत्याही पुलाखाली सापडतील. एफबीआयने दुवा नसल्याचं सांगितलं. आपला मुलगा दारू पिऊन पाय घसरून पडला, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा टोळीवर ठेवणं आईबापांना सोपं जातं.

कॅलिफोर्नियात याच्या उलट घडलं. विसेलियातला घरफोड्या, सॅक्रमेंटोतला बलात्कारी आणि दक्षिणेतला खुनी अशी तीन नावं, तीन फाइली. शेवटच्या दोन २००१ मध्ये डीएनएने जोडल्या. विसेलियाचं काय, यावर पोलिसांत एकमत नव्हतं. मिशेल मॅकनामारा या लेखिकेने २०१३ मध्ये ‘गोल्डन स्टेट किलर’ हे नाव रूढ केलं. ती २०१६ मध्ये वारली, पुस्तक फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं आणि एप्रिलमध्ये जोसेफ डीॲंजेलो पकडला गेला. विसेलियाच्या घरफोड्या चालू होत्या, तेव्हा तो शेजारच्या एक्सेटरमध्ये पोलीस होता! त्याला गाठलं वंशावळीने. बार्बरा रे-व्हेंटर या निवृत्त पेटंट वकील बाई हौसेपोटी लोकांच्या वंशावळी लावत. तपास पथकाने त्यांची मदत घेतली आणि डीएनए जुळणाऱ्या दूरच्या नातलगांपासून फांद्या लावत लावत सगळे त्याच्यापर्यंत पोचले.

आणि थॉमस हारग्रोव्ह. हा पत्रकार. एफबीआयकडची खुनांची माहिती घेऊन त्याने संगणकाला एकच काम दिलं: एकाच भागात, एकाच पद्धतीने मारलेल्या आणि उलगडा न झालेल्या बायकांचे पुंजके काढ. २०१० मध्ये इंडियानातलं गॅरी शहर वर आलं. गळा दाबून मारलेल्या बायकांची रांगच. त्याने गॅरीच्या पोलिसांना पत्रं लिहिली. उत्तर नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये शेजारच्या हॅमंडमध्ये एका मोटेलात तरुणीचा गळा दाबणारा डॅरेन व्हॅन पकडला गेला आणि त्याने गॅरीतल्या ओसाड घरांतली आणखी सहा प्रेतं दाखवली. हे सात खून हारग्रोव्हच्या पत्रांनंतरचे. त्याच्या यादीतले जुने खूनही व्हॅनचेच, असं मात्र म्हणता येत नाही, आणि व्हॅनला शिक्षा झाली ती या सातांचीच.

हारग्रोव्हने २०१५ मध्ये ‘मर्डर अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट’ काढला. एफबीआयला खुनांचा तपशील कळवणं खात्यांवर बंधनकारक नाही, म्हणून या मंडळींनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज केले. इलिनॉयच्या पोलिसांना तर त्यांनी कोर्टात खेचलं. मिळालेली सगळी माहिती त्यांनी फुकट खुली केली आहे. संगणक असलेल्या कुणीही ती उतरवून घ्यावी आणि आपले पुंजके आपण काढावेत.