गोदो संपादक
गोदो संपादक हा गोदो या मुक्त-स्रोत गेम इंजिनाचा संपादन कार्यक्रम आहे. द्विमितीय व त्रिमितीय खेळांची दृश्ये रचणे, संहिता लिहिणे, प्रकल्पाच्या सेटिंग्ज ठरवणे, चुका शोधणे आणि तयार खेळ विविध प्रणालींसाठी निर्यात करणे ही कामे या एकाच कार्यक्रमात करता येतात. संपादक स्वतः गोदो इंजिनावरच चालतो, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

इतिहास
गोदो इंजिनाची निर्मिती अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सूर यांनी केली. सुरुवातीला ते खासगी वापरापुरते मर्यादित होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याची संहिता एमआयटी परवान्याखाली खुली झाली आणि डिसेंबर २०१४ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंजिनाचे नाव सॅम्युएल बेकेट यांच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकावरून घेतलेले आहे. नवनवीन सोयी जोडत राहण्याची कधीही पूर्ण न होणारी इच्छा त्यातून सूचित होते. या नावाचा उच्चार 'गोडॉट' असाही केला जातो.

जानेवारी २०१८ मधील ३.० आवृत्तीत संपादकाचे रूप व चिन्हे नव्याने आखण्यात आली. २०१९ च्या ३.१ आवृत्तीत गुणधर्म दाखवणाऱ्या 'इन्स्पेक्टर' या विभागाची फेररचना झाली. मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीत एकाहून अधिक खिडक्यांची सोय व आज्ञा शोधण्याची पट्टी आली. त्याच वर्षीच्या ४.१ आवृत्तीपासून संपादकाचे डॉक मुख्य खिडकीतून वेगळे काढून दुसऱ्या पडद्यावर ठेवता येऊ लागले. मार्च २०२५ मधील ४.४ आवृत्तीपासून चालू खेळ संपादकाच्या खिडकीतच पाहता येतो.

रचना
संपादकाच्या मध्यभागी मुख्य कार्यक्षेत्र असते. वरच्या बटनांनी तेथे द्विमितीय दृश्य, त्रिमितीय दृश्य किंवा संहितालेखन यांपैकी एक निवडता येते. दृश्यातील नोडांची शाखायुक्त मांडणी, फायलींची यादी व इन्स्पेक्टर हे भाग कडेच्या डॉकमध्ये असतात. तळाच्या पट्टीत संदेश, दोषशोधक, ध्वनी व ॲनिमेशन यांची साधने असतात. डॉकांच्या जागा बदलून तयार केलेली मांडणी नाव देऊन जतन करता येते.

संपादकातील बटने, याद्या व मजकुराच्या चौकटी ज्या नोडांपासून बनतात, तेच नोड खेळ तयार करणाऱ्यालाही उपलब्ध असतात. त्यामुळे संपादकासाठी केलेली सुधारणा खेळांच्या वापरकर्ता-अंतरपृष्ठालाही मिळू शकते. मात्र एखाद्या नोडातील दोषही दोन्हीकडे दिसून येतो. या रचनेमुळे संपादक विस्तारणे तुलनेने सोपे ठरते. जीडीस्क्रिप्ट या इंजिनाच्या स्वतःच्या भाषेत प्लगइन लिहून संपादकात नवे डॉक, बटने व इन्स्पेक्टरमधील विशेष साधने जोडता येतात.

सेटिंग्ज
गोदोमध्ये सेटिंग्जचे दोन स्वतंत्र संच आहेत. खिडकीचा आकार, कळांची योजना, भौतिकी किंवा चित्रण यांसारख्या खेळाशी निगडित बाबी प्रकल्प-सेटिंग्जमध्ये येतात. त्या प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमधील साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवल्या जातात. मूळ मूल्यापासून बदललेल्या सेटिंग्जच तेथे लिहिल्या जात असल्यामुळे फाइल आटोपशीर राहते. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत कोणी काय बदलले हेही ओळीनिहाय दिसते.

रंगसंगती, अक्षरांचा आकार, भाषा व लघुकळा या संपादक-सेटिंग्ज मात्र वापरकर्त्याच्या संगणकावर वेगळ्या ठेवल्या जातात. एका सदस्याने स्वतःच्या सोयीसाठी अक्षरे मोठी केली, तरी सहकाऱ्यांच्या पडद्यावर काही बदलत नाही. याउलट प्रकल्प-सेटिंगमधील बदल संपूर्ण गटाला व अंतिम खेळाला लागू होतो. एखादी सेटिंग कोणत्या संचात असावी, हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा असतो. कार्यक्रमाच्या शेजारी ठरावीक नावाची रिकामी फाइल ठेवल्यास संपादक-सेटिंग्जही त्याच फोल्डरमध्ये साठतात. पेनड्राइव्हवरून संपादक चालवताना ही सोय उपयोगी पडते.

सेटिंग्जची संख्या वाढत गेल्याने त्या शोधणे नवशिक्यांना अवघड जाते. यावर अनेक उपाय योजले आहेत. सेटिंग्जच्या खिडकीत शोधपेटी आहे. नावावर माउस नेल्यास वर्णन दिसते आणि बदललेल्या मूल्याशेजारील बाणाने मूळ मूल्य परत आणता येते. ४.० आवृत्तीपासून प्रकल्प-सेटिंग्जमध्ये केवळ नेहमीच्या बाबी दाखवल्या जातात. उर्वरित बाबी पाहण्यासाठी 'प्रगत सेटिंग्ज' हा पर्याय सुरू करावा लागतो. 'फीचर प्रोफाइल' वापरून त्रिमितीय संपादनासारखे संपूर्ण विभाग लपवताही येतात. शिक्षकाला वर्गात फक्त द्विमितीय खेळ शिकवायचे असल्यास पडदा त्यापुरता मर्यादित ठेवता येतो. विभाग लपवल्याने प्रकल्पाच्या चालण्यावर परिणाम होत नाही.

सुधारणांची प्रक्रिया
सुधारणा सुचवण्यासाठी २०१९ पासून प्रस्तावांचे स्वतंत्र भांडार आहे. प्रस्तावकाला प्रथम आपली अडचण सांगावी लागते आणि नंतर उपाय. ती सोय क्वचितच लागणारी असल्यास थोड्या ओळींच्या संहितेने काम भागेल का, आणि ती प्लगइनऐवजी मूळ इंजिनात का असावी, या प्रश्नांची उत्तरेही द्यावी लागतात.

या पद्धतीमागे व्यावहारिक कारण आहे. नवी सेटिंग जोडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असले, तरी तिची चाचणी, दस्तऐवजीकरण व भाषांतर पुढील प्रत्येक आवृत्तीत सांभाळावे लागते. शिवाय प्रत्येक नव्या पर्यायाने यादी लांबते आणि बहुसंख्य वापरकर्ते मूळ मूल्य बदलत नाहीत. त्यामुळे नवा पर्याय देण्यापेक्षा योग्य मूळ मूल्य निवडणे अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

भाषा व सुगम्यता
संपादकाचे भाषांतर स्वयंसेवक 'वेबलेट' या मंचावर करतात. त्यात मराठीचाही समावेश आहे. भाषांतर न झालेला मजकूर इंग्रजीत दिसतो. ३.x आवृत्त्यांत अक्षरे एकापुढे एक मांडली जात असल्यामुळे देवनागरीतील जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य रीतीने उमटत नसत. ४.० आवृत्तीत 'हार्फबझ' या अक्षरजुळणी संग्रहाचा वापर सुरू झाल्याने ही अडचण दूर झाली. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांनाही त्याच वेळी आधार मिळाला. हा बदल इंजिनाच्या मजकूर-प्रणालीत झाल्याने तिच्यावर तयार होणाऱ्या खेळांतही मराठी मजकूर नीट दाखवता येतो.

२०२५ मधील ४.५ आवृत्तीत पडदा-वाचकासाठी प्रायोगिक आधार देण्यात आला. दृष्टिहीन वापरकर्त्यांना संपादक वापरता यावा या दिशेने ते पहिले पाऊल आहे.

मर्यादा
काही सेटिंग्ज बदलल्यावर संपादक पुन्हा सुरू करावा लागतो. ३.x मधून ४.० मध्ये जाताना अनेक नोड व सेटिंग्जची नावे बदलली. त्यासाठी रूपांतराचे साधन दिलेले असले, तरी मोठ्या प्रकल्पांत हाताने दुरुस्ती करावी लागते. जुन्या पाठ्यसामग्रीतील नावे व पडद्याची चित्रे नव्या संपादकाशी जुळत नसल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होण्याची शक्यता असते. म्हणून शिकताना पाठ कोणत्या आवृत्तीचा आहे हे तपासणे आवश्यक ठरते.