चिंध्या, हल्फा आणि विलायती कागद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडला चिंध्या कमी पडायला लागल्या. हसू नका मंडळी! कागद तेव्हा जुन्या सुती आणि लिनन कापडाच्या चिंध्यांपासून बनायचा. वर्तमानपत्रं वाढत होती, चिंध्या कुठून वाढणार? थॉमस रूटलेज नावाच्या कागदवाल्याने यावर तोड काढली आणि १८५६ साली पेटंट घेतलं. तोड म्हणजे एक गवत.

स्पेनमध्ये त्याला एस्पार्तो म्हणतात, अल्जीरियात हल्फा. कोरड्या माळावर वर्षानुवर्षं टिकणारे ठोंब. पाणी तुटलं की पान स्वतःभोवतीच गुंडाळून सुतळीसारखं होतं. स्पेनमधल्या आल्बुन्योलजवळच्या गुहेत या गवताच्या टोपल्या सापडल्यात, त्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. दोर, चपला, टोपल्या... इतकी वर्षं माणूस ते उपटत होता आणि गवत टिकून होतं.

रूटलेजनंतर हिशोबच बदलला. भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत कोळसा उतरवून रिकामी परतणारी ब्रिटिश जहाजं आता गवताचे गठ्ठे भरून आणू लागली. कॉस्टिक सोड्यात उकळलं की लगदा तयार. कागदही मऊ, छपाईला झकास! खरी गोम काढणीत होती. इथे विळा चालवत नाहीत, पानं काठीला गुंडाळून हिसका मारतात. बेताने मारला तर पान सुटतं, घाई केली तर ठोंबच मुळासकट हातात येतो. आणि मजुरी वजनावर, म्हणजे घाई आलीच.

स्पेनचे माळ उघडे पडू लागले तसा मोर्चा अल्जीरियाकडे वळला. आर्झ्यू बंदरापासून सईदापर्यंत रेल्वे टाकायची, बदल्यात सुमारे तीन लाख हेक्टरवरचा हल्फा काढायचा, असा सौदा १८७३च्या सुमारास एका फ्रेंच कंपनीने केला. सरकारदरबारी जमीन जणू मोकळीच! प्रत्यक्षात तिथे मेंढपाळ टोळ्या फिरत होत्या. हल्फा काही उत्तम चारा नव्हे, पण दुष्काळात बाकी सगळं करपलं की जनावरं त्यावरच तगतात.

१८८१ साली बू अमामाच्या उठावात सईदाच्या दक्षिणेकडच्या हल्फा-तळांवर हल्ले झाले. मेले ते मुख्यतः गरीब स्पॅनिश मजूर. उठावाला कारणं बरीच होती, सगळं खापर गवतावर फोडता येणार नाही. पण घाव नेमका तिथेच का पडला, हे कळायला फार डोकं लागत नाही.

रूटलेजसाहेब तोवर पुढे सरकले होते. १८७५ साली त्यांनी कागदासाठी बांबूची शिफारस करणारी पुस्तिका काढली. आता नजर होती हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांवर.