खालच्या जबड्याच्या अस्थिभंगाचे पट्टी-स्थिरीकरण

खालच्या जबड्याचे हाड मोडल्यास त्याचे तुकडे मूळ जागी आणून धातूची पट्टी व स्क्रू यांनी पक्के बसविण्याच्या शस्त्रक्रियेला पट्टी-स्थिरीकरण म्हणतात. येथे हाड सांधणे एवढेच पुरेसे नसते. वरचे व खालचे दात पूर्वीप्रमाणे एकमेकांवर बसावे लागतात, अन्यथा घास नीट चावता येत नाही.

पार्श्वभूमी

पट्ट्या प्रचारात येण्यापूर्वी दातांना तारेच्या कमानी बांधून दोन्ही जबडे साधारणतः ४ ते ६ आठवडे एकमेकांशी जखडून ठेवीत. त्या काळात रुग्णाला पेज, दूध, वरणाचे पाणी यांवरच राहावे लागे. वजन घटे, बोलणे अवघड होई. हाड फारसे सरकले नसल्यास ही कमी खर्चाची पद्धत आजही वापरली जाते.

पद्धती व तुलना

स्वित्झर्लंडमधील 'एओ' गटाने, विशेषतः बर्न्ड स्पीसल यांनी, जाड दाबपट्टीचा पुरस्कार केला. तिचे स्क्रू हाडाच्या दोन्ही कठीण थरांतून जातात. पकड भक्कम मिळते, परंतु बहुधा जबड्याखाली बाहेरून छेद घ्यावा लागतो. त्यामुळे व्रण राहतो व चेहऱ्याच्या चेतेच्या शाखेस इजा होण्याची भीती असते.

फ्रान्समध्ये मिशेले यांनी १९७३ मध्ये लहान पट्ट्यांचा वापर मांडला आणि स्ट्रासबुर्ग येथील मॅक्सिम शांपी यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. चावताना जबड्याच्या वरच्या कडेवर ताण व खालच्या कडेवर दाब येतो. म्हणून ताणाच्या रेषेवर एक लहान पट्टीही पुरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हनुवटीपाशी मात्र पीळ पडत असल्याने दोन पट्ट्या लागतात. स्क्रू केवळ बाहेरच्या थरात बसतात आणि छेद तोंडाच्या आतून घेता येतो.

जबड्याच्या कोनापाशी एक पट्टी की दोन, हा वाद बराच चालला. डॅलस येथील एडवर्ड एलिस व वॉकर यांच्या रुग्णांत दोन पट्ट्या बसविल्यावर २८ टक्के (१९९४), तर एकच बसविल्यावर १६ टक्के (१९९६) गुंतागुंती आढळल्या. अधिक धातू म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज येथे टिकत नाही.

हाडाचा चुरा झाला असेल किंवा तुकडा गमावला असेल तर लहान पट्टी निरुपयोगी ठरते. तेथे सगळा भार पेलणारी जाड पुनर्रचना-पट्टीच हवी. कुलूपबंद पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीतच घट्ट बसते, त्यामुळे पट्टी हाडाच्या वळणाला तंतोतंत जुळवावी लागत नाही. पण ती महाग असते. विरघळणाऱ्या पट्ट्या काढाव्या लागत नाहीत, परंतु त्या धातूइतक्या बळकट नसतात.

नागपूर

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेडिकल'च्या, परिसरात १९६८ मध्ये स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. जबड्याच्या शस्त्रक्रिया हा दंतवैद्यकाच्या मुखशल्यचिकित्सा या शाखेचा विषय आहे. दुचाकीचे अपघात हे अशा मोडींचे भारतातील एक प्रमुख कारण आहे; हनुवटी उघडी ठेवणारे अर्धे हेल्मेट डोके वाचवू शकते, जबडा नव्हे.

टायटॅनियमची पट्टी जंतुसंसर्ग झाला नाही किंवा स्क्रू सैल पडला नाही, तर सहसा काढली जात नाही.