तिथीची पाऊणपट आणि खंभातची भरती

बडोद्याच्या मराठी समाजात कोकणचे मूळ सांगणारी घरे पुष्कळ आहेत. समुद्र दूर राहिला, तरी भरतीचे एक गणित या घरांतून टिकून राहिले. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजणी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो व भरतीही तितकीच मागे सरकते, एवढेच त्यातील मर्म. मुंबईच्या किनाऱ्यावर हा अडाखा तासाभराच्या फरकाने जुळतो.

खंभातच्या आखातात मात्र तो फसतो. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोई येथे भरतीत पाण्याखाली जाणारे स्तंभेश्वराचे देवालय आहे. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी आजोबा आम्हां सर्वांस तेथे घेऊन गेले. संकष्टीचा दिवस, तेव्हा तीनला भरती, पाचला पाणी उतरलेले, असा त्यांचा हिशेब. देवालय उघडे दिसताच तो बरोबर वाटला. पण पाणी उतरत नव्हते, चढत होते. एका मच्छीमाराने ओरडून आम्हांस मागे फिरविले. तो वेळेवर ओरडला नसता, तर हा लेख लिहावयास कोणी उरले असते की नाही, कोण जाणे!

कारण उघड आहे. आखाताचे तोंड रुंद आणि पुढे ते निमुळते. खुल्या समुद्रातील लाट आत शिरताना काही तास मागे पडते आणि दाटून उंच होते. मुंबईस मोठ्या उधाणात पाण्याचा चढउतार सुमारे पाच मीटर असतो, तर भावनगरला तो दहा मीटरांवर जातो.

परकीयांना याची धास्ती जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भृगुकच्छाच्या, म्हणजे भरूचच्या, वाटेवरील भरतीचे भयकारक वर्णन आहे. राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या नावा घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात, परकी गलबते भरतीबरोबर आत आणीत आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगरून ठेवीत. ग्रंथकर्त्यास वारा कळत होता. पाण्याची वेळ कोळ्यालाच विचारावी लागे.

एकोणिसाव्या शतकात ही विद्या कागदावर उतरली. मेजर बेअर्ड यांनी 1873 पासून कच्छच्या आखातात भरतीची मोजणी हाती घेतली. मुंबईस अपोलो बंदरावर 1878 पासून अखंड नोंदी सुरू झाल्या. 1879 साली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये एक भाकीतयंत्र बनले. चंद्रसूर्याच्या प्रत्येक ओढीसाठी वेगळी कप्पी आणि सर्वांची बेरीज करणारी एक तार, अशी त्याची रचना. तरी त्याला प्रत्येक बंदराचे मोजमाप आधी द्यावेच लागे. मुंबईचे आकडे भावनगरला चालत नसत.

आजोबांनी घरी येताच पंचांग काढले आणि समासात लिहिले: ‘कावीस चार तास मिळवावे. मच्छीमाराचे सांगणे.’ ते पंचांग पुढे त्यांच्या इतर पुस्तकांबरोबर या ग्रंथालयास दिले गेले.