ऐरण कुणाची?



आपल्या कल्याण-डोंबिवलीकडची पोरं हल्ली मला विचारतात, "काका, घरच्या घरी भट्टी लावता येईल का?" मोबाईलवर त्यांनी बघितलेलं असतं. कुणी गोरा माणूस सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये लोखंड तापवतो, सुरी घडवतो आणि वर सांगतो, ही माझी हौस आहे. पोरांना त्याचं वेड लागतं. लागू द्या. भट्टी कशी लावायची ते मी पुढं सांगणारच आहे. पण त्याआधी एक सवाल. ही हौस आपल्या बापजाद्यांना का करता आली नाही? मनगटात जोर नव्हता? गावातलं सगळ्यात अवजड काम तर त्यांच्याच मानेवर होतं. मग ऐरण त्यांच्यापासून लांब कुणी ठेवली?

मागं जाऊन बघू. बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. दान देणाऱ्यांत कल्याणची माणसं बरीच आहेत, कारण त्या काळी कल्याण हे मोठं बंदर होतं. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे आणि कल्याणचा एक लोहारही आहे. त्याचा धंदा लेखात 'कमार' असा दिलाय. पालीत लोहाराला 'कम्मार' म्हणतात, तोच हा शब्द. बघा, माणसानं धंदा लपवला नाही. व्यापाऱ्याच्या दानाशेजारी लोहाराचं दान दगडात कोरलं गेलं. संघाला ते चाललं.

चालणारच. तथागतांनी शेवटचं भोजन घेतलं ते पावा इथल्या चुंदाकडं. चुंद कम्मारपुत्त, म्हणजे लोहाराचा पोर. त्या भोजनानंतर तथागतांचं दुखणं बळावलं, तेव्हा त्यांनी आनंदाला बजावलं की चुंदाला कुणी बोल लावू नये. ज्ञानप्राप्तीआधीच्या भोजनाइतकंच या भोजनाचं पुण्य मोठं आहे. मरणाच्या दारात असलेला माणूस एका लोहाराच्या मनाची काळजी करतो, ही आपली परंपरा.

याहून मागं जायचं तर नागपूर जिल्ह्यातलं नाईकुंड आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. म्हणजे या मातीत लोखंडाचं ज्ञान जुनं आहे. ते अमक्याच्याच हाती राहावं, हे नंतर ठरवलं गेलं.

ते ठरवलं बलुतेदारीनं. गावात लोहाराचं काम ठरलेलं. फाळ शेवटायचा, विळा-कोयता पाजवायचा, गाडीच्या चाकाला धाव बसवायची, आणि सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं. लोहार काही सुखात नव्हता. कुणब्याच्या दारात त्यालाही हात पसरावा लागे. पण त्याच्या हातात एक हुन्नर होता. महाराच्या वाट्याला काय आलं? सांगावा पोचवणं, वेशीची राखण, मेलेलं ढोर ओढणं. राबणूक दिली, हुन्नर दिला नाही. राबणूक वाढली तरी माणूस तिथंच राहतो. हुन्नर असला तर तो गाव सोडून शहरात पोट भरू शकतो. गावाला हे पक्कं कळत होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन'मध्ये हेच मांडलं. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही. ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकाखाली एक अशी.

याचा दुसरा पुरावा घिसाडी. तोही लोखंडच ठोकतो. त्याची बाई रस्त्याच्या कडेला असा घण मारते की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण गावगाड्यात त्याला घर नाही. पाल टाकायचं, चार दिवस काम करायचं आणि पुढच्या गावाला जायचं. आज सरकारदरबारी भटक्या जमातींत त्याची नोंद आहे. लोखंड तेच, ऐरण तीच, पण एकाला गावात बलुतं आणि दुसऱ्याला गावाबाहेर पाल. तेव्हा लोखंडामुळं माणसाला किंमत येते या भ्रमात राहू नका. किंमत जात ठरवत होती.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. आपल्या भागात लोखंडाचा पूर आला. रूळ, पूल, इंजिनं, कारखाने. वतनाच्या तुकड्यावर जगणारी आपली माणसं घमेलं-फावडं घेऊन या लोखंडामागं आली. वाटलं, इंग्रजाच्या कारखान्यात कोण जात विचारणार?

पण विचारलीच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथं बाबासाहेबांनी हिशेबच मांडला. आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं आणि त्या घरात याचा विटाळ. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक क्वचित, मिस्त्री-फोरमन कधीच नाही. तिथंही हमालच. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितलं. लाल झेंडेवाल्या पुढाऱ्यांना त्यातला पहिला शत्रू दिसत नव्हता.

माझे वडील एका रेल्वे कारखान्याच्या लोहारखात्यात खलाशी होते. घण त्यांच्या हातात, सांडशी मिस्त्रीच्या. हे नीट समजून घ्या. ज्याच्या हातात सांडशी तो लोखंड फिरवतो, कुठं वळवायचं ते ठरवतो. घणवाल्यानं दाखवलं तिथं मारायचं. आणि लोखंडाला पाणी द्यायची वेळ आली की मिस्त्री वडिलांना चहा आणायला पिटाळायचा. पाणी देणं हीच खरी विद्या. ती बघूसुद्धा द्यायची नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांचे दोन्ही खांदे कामातून गेले होते, पण एक छिन्नी स्वतःच्या हातानं घडवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी नुसत्या वकील-कारकुनांच्या शिक्षणाची मागणी केली नाही. आपल्या पोरांना विज्ञान आणि तांत्रिक शिक्षण मिळावं, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावं, हेही मागितलं. 'शिका' या शब्दात हातोडा-सांडशीसुद्धा येते.

आता भट्टीकडं येऊ.

जागा उघड्यावरची हवी. चाळीच्या खोलीत किंवा बंद गॅलरीत भट्टी पेटवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपल्यासारखा मरतो. खाली माती किंवा वाळू पसरा. सिमेंटची जमीन तापली की तिचे टवके उडतात. अंगात सुती कपडे, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनचा शर्ट पेटला तर कातडीला चिकटतो.

भट्टी म्हणजे एक जुनं लोखंडी घमेलं. त्याला आतून चिकणमाती, वाळू आणि राख यांचा जाड लेप द्या. पूर्ण वाळू द्या, नाहीतर तडकेल. बाजूनं भोक पाडून साधा काळा पाईप बसवा. जस्ताचा मुलामा असलेला पांढरा पाईप वापरू नका, तापला की त्याचा धूर विषारी. भात्याच्या जागी केस वाळवायचं यंत्र चालतं. जळण लोणारी कोळशाचं. हातोडा एक किलोचा पुरे.

ऐरणीला रुळाचा दीड-दोन फुटी तुकडा उत्तम. पण तो भंगारवाल्याकडून पावती घेऊनच आणा. रुळाकडेचा एक खिळासुद्धा उचलू नका. रेल्वेच्या मालाबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि वस्तीतल्या पोराच्या घरात रुळाचा तुकडा सापडला तर पोलीस तो हौसेचा आहे असं मानणार नाहीत.

सुरुवात साध्या सळईनं करा. खुंटी वळवा, आकडा करा. हात बसला की ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घ्या. ते पोलाद, त्याला पाणी चढतं. साध्या सळईला चढत नाही. लोखंड नारिंगी असताना ठोका. लाल मंद झालं की थांबा, परत भट्टीत घाला. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या तर ते जळालं, त्या टोकाचा नाद सोडा.

आता ती चहाच्या वेळची विद्या. घडवलेली वस्तू तापवत न्या आणि लोहचुंबक लावून बघा. सुमारे ७७० अंशांना चुंबक चिकटायचं थांबतं. त्याहून किंचित वर नेऊन कोमट तेलात बुडवा. आता ती इतकी कडक झाली की पडली तर काचेसारखी फुटेल. म्हणून कानशीनं वा दगडानं घासून चकचकीत करा आणि हळूहळू परत ऊब द्या. पृष्ठावर रंग धावायला लागतील. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला पिवळ्यावर थांबवा, छिन्नीला जांभळ्यावर. बस. एवढ्यासाठी एका माणसाला जन्मभर चहा आणायला पाठवलं.

पोरांना पहिली तलवारच घडवायची असते. घडवू नका. शेताची आणि घरातली हत्यारं वगळता नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्रकायदा लागतो. आईच्या विळीचं पातं घडवा, ती रोज वापरील.

आणखी एक गोष्ट. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी योजना आणली होती. पोरांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. लोक उठले आणि १९५४ ला ती गेली. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं विश्वकर्मा योजना काढली. त्यात १८ धंदे आहेत, लोहारकीही आहे, आणि भाषा घराण्यात चालत आलेल्या कामाची, गुरू-शिष्य परंपरेची आहे. लोहाराला, घिसाड्याला अवजारं आणि कर्ज मिळत असेल तर जरूर मिळावं, आपलं भांडण त्यांच्याशी नाही. पण २०२४ ला तमिळनाडूनं ही योजना आहे तशी घ्यायला नकार दिला तो उगाच नाही. बापाचा धंदा पोराला चिकटवणं हीच तर जात. तुम्ही भट्टी लावता ती बापाचा धंदा म्हणून नाही, तुम्हाला शिकायचंय म्हणून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बाजाराच्या कडेला घिसाड्याचं पाल दिसलं तर तासभर बसा. बाई घण कसा उचलते, कुठं श्वास घेते ते बघा. विचारा. आणि उठताना शिकवणीचे पैसे द्या, फुकट ज्ञान घेऊ नका.

भट्टी एकट्यानं लावू नका, दोघं-तिघं मिळून लावा. वस्तीतल्या पोरींनाही बोलवा. एकानं सांडशी धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. आणि अर्ध्या तासानं अदलाबदल करायची. पाणी देताना सगळ्यांनी जवळ उभं राहायचं. चहा नंतर.